सोनूला इकडे पाठवण्याआधी

अश्दोद, 10 जुलै 2025

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

सोनूचा इस्रायलमध्ये केअरगिव्हर म्हणून, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला यायचा व्हिसा आल्याचं कळलं. वहिनींनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या होत्या. सायरन वाजला की नेमकं काय करायचं, आणि ज्या घरात राहायचं त्या घरातली माणसं लढाईबद्दल काय बोलतात, त्यात आपण काय बोलायचं. फोनवर अर्धंमुर्धं सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट सरळ आहे, आठवडाभरात अंगवळणी पडते. दुसरीला वेळ लागतो, आणि एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

इराणबरोबरची बारा दिवसांची लढाई 24 जूनला थांबली. गाझातली चालूच आहे आणि येमेनमधून हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र अधूनमधून येतं. त्यामुळे सोनू येईपर्यंत सगळं शांत होईल असं धरून चालू नका.

सायरन वाजल्यावर हातात किती वेळ असतो ते गावावर ठरतं. गाझाच्या कुंपणालगतच्या वस्त्यांना 15 सेकंद, अश्कलोनला 30, आमच्या अश्दोदला 45, बेअर-शेव्हाला एक मिनिट, तेल अवीवला दीड मिनिट. उत्तरेला लेबनॉनच्या सीमेवर तेवढाही नाही, तिथे ऐकलं की लगेच आत. हे आकडे जवळून येणाऱ्या रॉकेटचे. इराण किंवा येमेन लांब, तिथून निघालेलं क्षेपणास्त्र पोचायला वेळ लागतो, म्हणून फोनवर काही मिनिटं आधी मोठ्या आवाजात इशारा येतो. तो आला की म्हाताऱ्या माणसाला उठवायचं, संडासाला जायचं असेल तर उरकायचं आणि निवाऱ्याजवळ जाऊन बसायचं. खरा सायरन त्यानंतर. कित्येक जण इशारा ऐकून पुन्हा कूस बदलतात आणि सायरनला धावाधाव करतात. आपल्या कामात तसं चालत नाही, कारण 85 वर्षांचं माणूस पलंगावरून उठून वॉकर धरेपर्यंतच 45 सेकंद संपतात.

निवारे तीन तऱ्हेचे. घरातच असलेली काँक्रीटची खोली ती ममाद. 1991 च्या आखाती युद्धात इराककडून स्कड क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर नव्या घरांना ती सक्तीची झाली. आतली जागा निदान 9 चौरस मीटर, भिंती सळयांच्या जाड काँक्रीटच्या, दार पोलादी आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं, खिडकीला सरकतं पोलादी पान. जुन्या इमारतींत ती नसते, तिथे तळघरात किंवा अंगणात सगळ्यांचा मिळून मिक्लात असतो, किल्ली सोसायटीच्या कमिटीकडे. तेही नसेल तर नगरपालिकेचा सार्वजनिक मिक्लात. तो फार लांब असेल तर जिना: तीन मजल्यांपेक्षा उंच इमारत असेल तर डोक्यावर निदान दोन मजले राहतील असा जिन्याचा भाग, खिडकीपासून दूर. लिफ्ट कधीही नाही. सोनूला मुलाखतीतच विचारू दे, घरात ममाद आहे का आणि मी झोपणार कुठे. पगाराइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा.

झोपण्याचा प्रश्न एवढ्यासाठी की बऱ्याच घरांत ममाद हीच केअरगिव्हरची खोली असते. शांततेच्या दिवसांत ठीक. लढाईत मात्र रात्री म्हाताऱ्या माणसाचा पलंग आत न्यायचा आणि आपण जमिनीवर गादी टाकायची, किंवा दोन पलंग बसवायचे. कुटुंबाशी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. लेकीला वाटतं आईला स्वतःच्या खोलीशिवाय झोप लागत नाही. खरं असेल, पण रात्री तीनला तिला उचलायला लेक नसते.

खोलीचं पाहायचं ते असं. खिडकीच्या पोलादी पानाच्या खोबणीत वाळू साठते, आणि अश्दोदसारख्या समुद्रकाठच्या गावात खाऱ्या हवेनं ते गंजतं. वर्षानुवर्षं न हलवलेलं पान ऐन वेळी निम्म्यावर अडकतं. आल्या आल्या ते पूर्ण ओढून बघायचं, खोबण पुसून तेल घालायचं आणि धामधुमीच्या दिवसांत बंदच ठेवायचं. दाराचा दांडा पूर्ण फिरला तरच कडेचं रबर दाबलं जातं, अर्धवट फिरला तर स्फोटाच्या दाबानं दार उघडू शकतं. उंबरा थोडा वर असतो, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिथे हमखास अडतात. एक तर लाकडी उतार बसवून घ्यायचा, नाही तर खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी आत घ्यायची. दुसरी पद्धत सोनूनं रिकाम्या खुर्चीवर करून बघावी, माणूस बसवून पहिल्यांदा करू नये. घरच्यांनी ममादमध्ये ठेवलेले इस्त्रीचे टेबल, सुटकेस, पेसाख सणाची भांडी हे सगळं बाहेर काढायला लावायचं. लाजायचं नाही.

आत काय ठेवायचं: माणशी दिवसाला 3 लिटर या हिशोबानं तीन दिवसांचं पाणी, कोरडं खाणं, टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं आणि त्यांची यादी, डायपर, कमोडची खुर्ची किंवा झाकणाची बादली, म्हाताऱ्यांचा चष्मा, कवळीची डबी आणि कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या. रात्री यंत्र काढून झोपलेल्या माणसाला सायरन ऐकूच येत नाही, त्याला आपणच उठवायचं, आणि अंधारात ओरडून नाही तर खांद्याला हात लावून. ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावर किती वेळ चालेल ते कंपनीला विचारून कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं. बॅटरीवाला रेडिओ हवाच, कारण काँक्रीट आणि सळयांमुळे आत फोनची रेंज पडते आणि ‘बाहेर यायला हरकत नाही’ हा निरोप उशिरा मिळतो. धार्मिक घरात शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र फोनला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी रेडिओवर ‘गल शाकेत’ म्हणून सोय आहे. स्टेशन लावून ठेवायचं, ते एरवी मुकं राहतं आणि फक्त इशाऱ्यापुरतं बोलतं.

आत गेल्यावर रॉकेटच्या वेळी साधारण दहा मिनिटं थांबायचं. धमाका ऐकला की लोकांना वाटतं संपलं, पण वर पाडलेल्या रॉकेटचे आणि पाडणाऱ्याचेही तुकडे नंतर खाली येत राहतात. इराणच्या वेळी तर पिकुद हाओरेफचा, म्हणजे नागरी संरक्षण बघणाऱ्या लष्करी विभागाचा, निरोप येईपर्यंत बाहेर पडायचं नव्हतं. त्यांचं ॲप इंग्रजीत आहे, फोन 104. ॲम्ब्युलन्स 101, पोलीस 100, आग 102. रस्त्यात सायरन लागला तर बस-गाडीतून उतरून जवळच्या इमारतीत. काहीच नसेल तर गाडीपासून दूर, जमिनीवर पालथं, हात डोक्यावर. पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

ममादमध्ये गेलं म्हणजे काहीच होत नाही, असं मात्र सोनूला सांगू नका. जूनमध्ये पेताह तिकव्हात क्षेपणास्त्र थेट येऊन आदळलं आणि ममादमधली माणसंही गेली. त्या खोल्या मुळात रॉकेट, तुकडे आणि दाब यांच्यासाठी बांधलेल्या, शेकडो किलोच्या स्फोटकाच्या थेट माऱ्यासाठी नाहीत. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं गाझातून हल्ला केला तेव्हा उलटच अडचण झाली. दाराला आतून कुलूप नव्हतं, बाहेर बंदूकवाले, आणि आत माणसं तासन् तास दांडा धरून उभी. तरीही, जूनच्या बारा दिवसांत एवढी क्षेपणास्त्रं येऊन इस्रायलमध्ये सुमारे तीस माणसं गेली, याचं मोठं कारण लोक वेळेवर आत गेले हेच आहे.

घराचं नुकसान झालं तर सरकारच्या मालमत्ता कर खात्याचा वेगळा निधी भरपाई देतो. आवरासावर करण्याआधी फोटो काढायचे, फुटलेली वस्तू मूल्यमापन करणारा येईपर्यंत टाकायची नाही. इमारतीचा खर्च मिळतो, घरातल्या सामानाला मर्यादा आहे. सोनूचं सामान घरमालकाच्या यादीत आपोआप येत नाही, ते वेगळं लिहून द्यावं लागतं, म्हणून लॅपटॉप-दागिन्यांची बिलं फोनमध्ये ठेवू दे. कायदेशीर व्हिसावर आलेल्या परदेशी कामगाराला दुखापत झाली तर राष्ट्रीय विमा संस्थेकडे, इथे तिला बितुआख लेउमी म्हणतात, हक्क सांगता येतो. तेल अवीवच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवणं पहिल्या आठवड्यात. जूनमध्ये विमानतळ बंद होता तेव्हा ‘ऑपरेशन सिंधू’त आपल्या लोकांना जॉर्डन आणि इजिप्तच्या सीमेवरून जमिनीनं काढलं, आणि त्यात नोंदणी असलेल्यांना आधी निरोप गेले.

आता दुसरी गोष्ट. दादा, तुम्हाला तिकडून वाटत असेल की लढाई चालू आहे म्हणजे सगळा देश एका बाजूला. सुरुवातीचे काही आठवडे तसं होतं. ‘याहाद नेनात्सेआख’, मिळून जिंकू, हे फलक दुधाच्या पिशवीपासून बसपर्यंत सगळीकडे. पण भांडण लढाईच्या आधीचं आहे. 2023 च्या जानेवारीपासून न्यायालयांचे अधिकार कमी करणाऱ्या कायद्यांवरून दर शनिवारी तेल अवीवच्या कापलान रस्त्यावर लाखभर माणसं जमत होती. 7 ऑक्टोबरला तीच मंडळी डबे करायला आणि सीमेवरच्या लोकांना घरं शोधून द्यायला लागली. मग भांडण परत आलं, नव्या मुद्द्यावर.

मुद्दा ओलिसांचा. त्या दिवशी 251 जणांना गाझात नेलं, आज 50 उरले आहेत, त्यातले वीसेक जिवंत असावेत असं सरकार म्हणतं. एक बाजू म्हणते, आधी करार करा, माणसं आणा, लढाई थांबवावी लागली तरी चालेल. हमास उद्याही तिथेच असेल, ओलीस नसतील. दुसरी बाजू म्हणते, 2011 मध्ये गिलाद शालित या एका सैनिकासाठी 1,027 कैदी सोडले, त्यात हमासचा याह्या सिनवार होता, त्यानंच 7 ऑक्टोबर घडवलं. आज सोडाल ते उद्या कोणाला मारतील? दोन्ही बाजूंना ओलिसांचे नातेवाईक आहेत हे लक्षात ठेवायचं. बहुतेक कुटुंबं कराराच्या बाजूनं, पण लष्करी दबावच हवा म्हणणारी कुटुंबंही आहेत आणि त्यांची वेगळी संघटना आहे. म्हणून ‘ओलिसांच्या घरच्यांना हेच हवं’ असं वाक्य कोणाच्याही तोंडून आलं की मी मनात अर्धंच धरते.

सोनूला घर ओळखायचं असेल तर टीव्ही बघावा. चॅनल 14 लागलेलं असेल तर बहुधा बीबींचं, म्हणजे नेतान्याहूंचं घर. चॅनल 12 असेल तर बहुतेक वेळा उलट. टेबलावर हारेत्झ हा पेपर पडलेला असेल तर आणखी डावीकडे. ओलिसांसाठीची पिवळी रिबीन कुणाच्याही छातीवर असते, तिच्यावरून काही ठरवू नये. आणि आजोबांचा रिमोट घेऊन चॅनल बदलायचा नाही. हसू नका, यावरून नोकऱ्या सुटल्याचं ऐकलं आहे.

खरी कसोटी शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाला. सगळी मुलं-नातवंडं येतात, आणि एकाच टेबलावर राखीव दलात शेकडो दिवस काढून आलेला जावई, शनिवारी निदर्शनाला जाणारी मुलगी आणि येशिव्हात, म्हणजे तोरा हा ज्यू धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळेत, शिकणारा पुतण्या. चल्लाह, म्हणजे शब्बाथचा पाव, कापून होते, सूप वाढून होतं, तोवर सगळे तब्येतीच्या चौकश्या करतात. मासा आला की कोणी तरी म्हणतं, चौथ्यांदा बोलावणं आलंय. मग जावई पुतण्याकडे बघतो. पुतण्या म्हणतो, तोरा शिकणंही या देशाला राखतंच. मुलगी म्हणते, हे माझ्या मुलाच्या मास्तरांना सांग, तेही गेले परत. आजी मधेच ओरडते, ‘माझ्या टेबलावर नको’, आणि सगळे गाजराच्या कोशिंबिरीची तारीफ करतात. हरेदी, म्हणजे कर्मठ धार्मिक ज्यूंच्या, मुलांच्या सैन्यभरतीचा हा वाद सध्या सगळ्यांत तापलेला आहे. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की त्यांना सूट द्यायला कायद्याचा आधार नाही. तरी भरती थोडीच, आणि सरकार हरेदी पक्षांच्याच टेकूवर उभं. गंमत अशी की या मुद्द्यावर बीबींना मत देणारे आणि न देणारे अनेकदा एकाच बाजूला सापडतात.

अशा वेळी सोनूनं काय करायचं? प्लेटा उचलायच्या. तिला थेट विचारतीलच, ‘तुला काय वाटतं, भारतात काय म्हणतात?’ याला दोन वाक्यं तयार ठेवावीत: सगळी माणसं जिवंत घरी यावीत; आणि मला इथे मत नाही, म्हणून मत मागू नका. दुसऱ्यावर हसतात आणि विषय बदलतो. आजारी माणसाशी मात्र कधीच वाद नाही, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्याशी. सायरन लागला की यांतल्या काहींना नाझींच्या काळातलं युरोपातलं लहानपण आठवतं, लपायचं म्हणून दाराशी यायलाच नकार देतात. तिथे समजावत बसायचं नाही, हात धरायचा आणि त्यांच्या ओळखीचं गाणं म्हणत चालायला लावायचं.

इथल्या अरबांचं मत त्या टेबलावर ऐकू येत नाही. देशाचा पाचवा हिस्सा ते आहेत आणि सोनूला ते रोज भेटतील: औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, वॉर्डात. कामावर ते लढाईबद्दल जवळपास गप्प असतात. 2023 च्या शेवटी सोशल मीडियावरच्या मजकुरावरून अनेकांना अटक झाली, काहींच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हापासून ही चुप्पी. क्षेपणास्त्र मात्र कोणाचं मत विचारून पडत नाही. 14 जूनच्या रात्री उत्तरेत ताम्रा या अरब गावात एकाच घरच्या चौघी बायका गेल्या. तिथे सार्वजनिक निवारे नाहीत. दक्षिणेला नेगेव वाळवंटातल्या मान्यता नसलेल्या बेदुइन वस्त्यांत तर पत्र्याची घरं, ना ममाद ना मिक्लात. एप्रिल 2024 च्या इराणी हल्ल्यात गंभीर जखमी झालेली ती सात वर्षांची मुलगी तिथलीच.

आणि गाझा. इथून तीस-चाळीस किलोमीटर. हवा तशी असली की बॉम्बचे आवाज येतात आणि काचा थरथरतात. तिथल्या आरोग्य खात्याच्या मते 57 हजारांवर माणसं गेली आहेत. तिथे सायरन नाही, ममाद नाही. 2 मार्चपासून अडीच महिने धान्य-औषधं आत जाऊच दिली नव्हती. इथल्या हिब्रू टीव्हीवर हे फार थोडं दिसतं, त्यामुळे बऱ्याच घरांत ते माहीतच नसतं, आणि काहींत माहीत असून नको असतं. दुसरीकडे मार्चपासून तेल अवीवमध्ये काही लोक गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो हातात धरून शांतपणे उभे राहतात. त्यांच्यावर कोणी थुंकतं, कोणी त्यांच्या शेजारी येऊन उभं राहतं. माझं स्वतःचं मत तुम्हाला ठाऊक आहे. मुलांना उपाशी ठेवून कोणतीही लढाई जिंकू नये. ते मी तुम्हाला लिहिते, कामाच्या घरात बोलत नाही, आणि सोनूनंही बोलू नये, फेसबुकवर तर मुळीच नाही.

मराठी माणूस भेटेल का, असं वहिनी विचारत होत्या. भेटेल. अश्दोद, लोद, रामले, बेअर-शेव्हा, दिमोना इथे बेने इस्रायली आहेत, कोकणातून 1950-60 च्या दशकांत आलेले ज्यू. जुन्या बायका अजून ‘काय गं, कुठली तू?’ म्हणून जवळ घेतात, पोह्यांचा मलिदा करतात, एलियाहू हनावीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घेतात. त्यांच्या आडनावांत पेण आणि रायगडची गावं ऐकायला मिळतील. पण त्यांच्याकडून एकच सूर निघेल असं समजू नये. 1962 मध्ये इथल्या रब्बींनी त्यांच्या लग्नांवर अटी घातल्या, तेव्हा दोन वर्षं भांडून त्यांनी बरोबरीचा दर्जा मिळवला. कोणी ते विसरलेलं नाही, कोणी म्हणतं या देशानंच घर दिलं, आणि दोन्ही एकाच घरात असतं. नातू सैन्यात असतो, आजी देव्हाऱ्यासारखा टीव्ही लावून बसलेली असते.

एक विनंती. आपल्या घरच्या ग्रुपवर येणारे ‘ठोकून काढा’वाले व्हिडिओ सोनूच्या फोनवर पाठवू नका. तिकडे बसून जितक्या जोरात बोललं जातं, तितक्या जोरात मी गाझातून परतलेल्या पोराच्या आईला बोलताना ऐकलेलं नाही. त्यातले बरेच व्हिडिओ जुने किंवा दुसऱ्याच देशातले असतात हा भाग वेगळा.

महागाईबद्दल: जानेवारीपासून इथला व्हॅट 17 वरून 18 टक्के झाला. 2024 च्या मे महिन्यात तुर्कस्ताननं व्यापार बंद केल्यावर टोमॅटो भडकला होता, तो अजून मनासारखा उतरलेला नाही. तेव्हा सोनूच्या बॅगेत गोडा मसाला, आमसूल, हिंग आणि सुकं खोबरं द्या. डाळी रामलेच्या दुकानात मिळतात, त्यात वजन घालवू नका. चांगली पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पाय झाकणारी, पटकन घालता येतील अशी चप्पल-बूट एक जोड, रात्री पलंगाशी ठेवायला. फुटलेल्या काचांवरून अनवाणी चाललं की पाय कापतात. पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राचे फोटो दादाच्या फोनमध्येही असू द्या.

एजन्सीकडून घराचा पत्ता आला की मला लगेच कळवा, म्हणजे किती सेकंद मिळतात आणि जवळचा मिक्लात कुठे ते मी आधीच बघून ठेवते. बाकी क्षेम. आईला नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुमची,
नलू